घराला पन्हाळ बसवायची तर खर्च किती? आमच्या घराचा हिशोब

मागचे दोन भाग इंटरव्ह्यू आणि पगाराच्या बोलणीवर झाले. आज जरा छपरावर चढू या. विषय आहे पन्हाळ. म्हणजे छपराच्या कडेला पावसाचं पाणी झेलून खाली नेणारी ती पत्र्याची नाही तर पीव्हीसीची लांब चारी.

हा विषय मी हौसेने घेतलेला नाही. माझ्यावर वेळ आली म्हणून घेतलाय. आणि वेळ आल्यावर आपण काय करतो? मोबाईल काढतो. मी 'गटर बसवायचा खर्च' असं शोधलं. निम्म्या व्हिडिओंत रस्त्याकडेची नाली. उरलेल्या निम्म्यांत अमेरिकेतला एक माणूस, दर डॉलरमध्ये, आणि त्याला काळजी बर्फ साचण्याची. आमच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात बर्फ फक्त रसवंतीवर मिळतो. म्हणून म्हटलं, आपल्याकडचा हिशोब आपणच सांगावा.

आधी काय घडलं ते सांगतो. आमचं घर जुनं, मातीच्या भिंतींचं, वर कवेलू. ज्यांच्याकडे कवेलूचं घर आहे त्यांना माहीत आहे, वानरांचा एक कळप येऊन गेला की पन्नास-शंभर कवेलू फुटलेच. दर उन्हाळ्यात घर फेरायचं, दर पावसाळ्यात खाली गंज आणि बादल्या ठेवायच्या. पाच वर्षांपूर्वी मला नोकरी लागली, तेव्हा मीच म्हणालो, बाबूजी, टीन टाकून घ्या, पैसे मी पाठवतो.

मिस्त्रीने फोनवर विचारलं, "भाऊ, शीट चौदा फुटी आणू का बारा फुटी?" मी विचारलं, फरक किती? म्हणाला, पाच-साडेपाच हजार. मी म्हटलं, मग बाराच आणा.

हे वाक्य लक्षात ठेवा. कारण कवेलूचं छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच फुटांहून जास्त आलेलं होतं. नवीन टीन आलं फक्त नऊ इंच. शिवाय कवेलूवरून पाणी जरा रेंगाळत, ठिकठिकाणी टपकत येतं. टीनच्या नाळीतून ते सरळ धार लावून, जोरात येतं, आणि वर्षानुवर्षं त्याच जागी पडतं. आमच्याकडे ती जागा होती मागच्या भिंतीच्या पायाशी. पाच पावसाळे तिथे चर पडत गेला, भिंतीचा खालचा हात-दीड हात भाग उडणाऱ्या पाण्याने भिजत गेला. मातीची भिंत वरून भिजली तर दिसते, खालून भिजली तर दिसत नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तीन दिवस झड होती. तिसऱ्या रात्री स्वयंपाकघराची मागची भिंत आठ-नऊ फूट बसली. त्याच भिंतीला लागून आजीची खाट असते. भिंत बाहेरच्या बाजूला पडली, म्हणून आज मी तुमच्याशी इतक्या शांतपणे बोलतोय. ती भिंत विटांत बांधायला ४६ हजार लागले. मी वाचवलेले साडेपाच हजार आठवतात ना?

त्यानंतर पन्हाळीची कोटेशनं मागवली. पहिलं आलं ९५ रुपये फूट. लांबी ८० फूट, म्हणजे ७,६०० रुपये. दुसरं आलं १८० रुपये फूट, म्हणजे १४,४००. बाबूजी म्हणाले, पहिलंच घेऊ, दोघंही पन्हाळच लावणार आहेत. मीही हो म्हणणार होतो. पण बारा फुटी शीट आठवली आणि थांबलो. दोन्ही मिस्त्रींना एकच विचारलं, या दरात नेमकं काय काय आहे ते फोडून सांगा. आजच्या भागाचं सार इथेच आहे. पन्हाळ फुटावर विकतात, पण तिचा खर्च फुटावर ठरत नाही. छपरावर पडलेलं पाणी शेवटी कुठे जातं, तिथपर्यंतच्या वाटेचा तो खर्च असतो.

आता पाण्यापासून सुरू करू. गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर दुपाखी, ४० फूट लांब आणि २३ फूट रुंद, म्हणजे साधारण ८५ चौरस मीटर. आपल्या गोंदिया जिल्ह्यात वर्षाला १,२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा. म्हणजे आमच्या एका छपरावरून वर्षाला लाखभर लिटर पाणी उतरतं, आणि त्यातलं बहुतेक चार महिन्यांत.

पण पन्हाळीची खरी परीक्षा वर्षाच्या पावसाने होत नाही, जोराच्या सरीने होते. समजा सर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने आली, भले दहाच मिनिटं. तर आमच्या एका पाख्यावरून मिनिटाला ७० लिटर पाणी येणार. पंधरा लिटरच्या जवळजवळ पाच बादल्या, दर मिनिटाला. आता खाली उतरणारा पाइप बघा. आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेत याचा तक्ता आहे. अशा पावसात चार इंची पाइप साधारण ४३ चौरस मीटर छपराचं पाणी उतरवतो. तीन इंची फक्त २० चौरस मीटरचं. म्हणजे एका इंचाच्या फरकात क्षमता निम्म्याहून खाली! आमचा एक पाखा बरोबर ४३ चौरस मीटरचा. पहिल्या कोटेशनमध्ये प्रत्येक पाख्याला एकच पाइप होता, तोही तीन इंची. म्हणजे जोराच्या सरीत निम्मं पाणी पन्हाळीवरून ओसंडून पुन्हा त्याच भिंतीच्या पायाशी. आम्ही प्रत्येक पाख्याला दोन्ही टोकांना चार इंची पाइप घेतला.

दुसरी गोष्ट पत्र्याची जाडी. लोखंडी पत्र्याचं वजन काढता येतं. एक मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर पत्रा म्हणजे ७.८५ किलो. आमच्या पन्हाळीला १८ इंच रुंदीची पट्टी वाकवून घेतली. ०.५ मिलिमीटर जाडी धरली तर फुटाला अर्धा किलोपेक्षा थोडं जास्त, ८० फुटांना ४४ किलो. पहिल्या मिस्त्रीचा पत्रा निघाला ०.३ मिलिमीटरचा, म्हणजे २६ किलो. दोन्ही नवीन असताना सारखेच चकाकतात. म्हणून कोटेशनवर 'जीआय पत्रा' एवढंच लिहू देऊ नका, जाडी लिहून घ्या. आणि जमलं तर दुकानात वजन करा, काट्यावर कोणाचं भांडण होत नाही.

तिसरी गोष्ट ब्रॅकेट, म्हणजे पन्हाळ धरून ठेवणाऱ्या पट्ट्या. पहिल्याने चार-चार फुटांवर सांगितल्या होत्या. भरलेल्या पन्हाळीचं वजन बघता हे कमीच, आणि आमच्याकडे वर वानरं आहेत. वानर छपरावरून उतरताना पन्हाळीलाच लटकतं, त्याला काही सांगता येत नाही. आम्ही दर दोन फुटांवर ब्रॅकेट घेतला, एकूण ४२.

काही जण विचारतील, तयार पीव्हीसी पन्हाळ का नाही घेतली? चांगली असते, गंजत नाही. पण प्लास्टिक उन्हाने वाढतं. थंडीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत ४० अंशांचा फरक धरला, तर ४० फुटांची पीव्हीसी पन्हाळ तीनेक सेंटिमीटर लांब-आखूड होते. लोखंडी पन्हाळ अर्धा सेंटिमीटरच. पीव्हीसीत त्यासाठी जोडावर मोकळीक ठेवावी लागते आणि ते जाणणारा मिस्त्री लागतो. आम्हाला जवळ तसा मिळाला नाही.

हे सगळं जमवून मी खूश होतो. एक्सेल शीट तयार, रंग भरलेले. आणि मग मागच्या घरचे काकाजी आले. आमच्या आणि त्यांच्या घरामध्ये तीन फुटांची बोळ आहे. त्यांची भिंतही मातीचीच. वर बघून म्हणाले, "हा पाइप कुठं सोडणार बाप्पा?" मी म्हटलं, खाली, कोपऱ्यात. ते म्हणाले, "म्हणजे तुही भिंत वाचवशील आन् माही पाडशील?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही कोटेशनांतले पाइप जमिनीच्या एक फूट वर संपत होते. माझ्या एक्सेलमध्येही पाणी तिथेच संपत होतं. आधी ४० फुटांत पसरून पडणारं पाणी मी दोन कोपऱ्यांत गोळा करून त्यांच्या भिंतीवर सोडणार होतो.

काकाजींनी मग एक गोष्ट सांगितली. नवेगावबांधचा तलाव आमच्याकडून जवळ आहे. कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात, आणि कोहळी समाजाने या भागात असे कितीतरी तलाव बांधले. काकाजी म्हणाले, "तलाव बांधणारा पाळ मागून पाहते, सांडवा आधी पाहते. भरल्यावर पाणी कुठून जाईल, हे ठरल्याशिवाय माती टाकत नाही." मी बीटेक झालोय, पण हे मला आधी सुचलं नव्हतं.

शेवटी बोळीतून जमिनीखालून पाइप नेला, दोन चेंबर केले आणि मागचं पाणी आमच्या बोडीकडे जाणाऱ्या पाटात सोडलं. खोदायला काकाजींचा मुलगाही उतरला. आता तो पाटही उन्हाळ्यात दोन्ही घरं मिळून साफ करतात.

तर अंतिम बिल ऐका, लिहून घेतलं तरी चालेल. पत्रा, तुकडे धरून ४७ किलो, ९० रुपये किलोने ४,२३० रुपये. पट्ट्या कापून वाकवायचे २,०००. ब्रॅकेट १,८९०. चार इंची पाइप १,९२०. बेंड, क्लॅम्प, रिव्हेट, सिलिकॉन मिळून २,१५०. मिस्त्री आणि हेल्पर, दोन दिवस, २,६००. छोटा हत्तीचं भाडं ७००. आणि जमिनीखालचं सगळं काम ६,५००. एकूण २१,९९०. म्हणजे फुटाला २७५ रुपये.

बघा, ज्या पत्र्याच्या दरावर आपण घासाघीस करतो, तो एकूण खर्चाच्या पाचव्या भागाहूनही कमी आहे. सगळ्यात मोठी रक्कम त्या कामाची आहे जे दोन्ही कोटेशनांत नव्हतंच. दर तुमच्या गावात वेगळे असतील, घर एकमजली आहे की दुमजली यावर मजुरी आणि शिडी-पहाडाचा खर्च बदलेल. पण रकाने हेच राहतील.

म्हणून कोटेशन आलं की पाच प्रश्न विचारा. पत्रा किती मिलिमीटरचा? पाइप किती इंची आणि किती? ब्रॅकेट किती फुटांवर? पाणी शेवटी कुठे सोडणार? आणि दरात १८ टक्के जीएसटी धरलाय की वेगळा? पाचही उत्तरं कागदावर आली, की मगच दोन कोटेशनांची तुलना करा. उतारही तपासा. आमच्याकडे मध्ये उंच आणि दोन्ही टोकांना सव्वा इंच खाली, म्हणजे वीस फुटांना सव्वा इंच. बसवल्यावर मिस्त्री जायच्या आधी एक बादली पाणी मध्यभागी ओता, कुठे थांबतंय ते लगेच दिसतं. आणि हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. मे महिन्याच्या शेवटी सगळ्या गावाला एकदमच छप्पर आठवतं.

आता, बावीस हजार ही लहान रक्कम नाही, हे मला कळतं. आणि प्रत्येक घराला पूर्ण पन्हाळ लागतेच असंही नाही. छप्पर भिंतीपासून दोन-अडीच फूट बाहेर असेल, खाली दगडी किंवा सिमेंटचा पाया उंच असेल, जमिनीचा उतार घरापासून लांब जात असेल, तर धार पडते तिथे गिट्टीचा पट्टा टाकून भागतं. पैसे कमी असतील तर आधी ज्या बाजूला मातीची भिंत आहे तेवढीच बाजू करा. आणि नवीन टीन टाकत असाल, तर लांब शीट घ्या. हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि मी तोच नाकारला होता.

देखभाल म्हणाल तर वर्षातून दोनदा. एकदा मृग लागायच्या आधी, एकदा पोळ्याच्या सुमारास. पानं काढायची, सैल ब्रॅकेट आवळायचे. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात मी घरी नव्हतो, पुण्यात होतो. रात्री अकराला बाबूजींचा व्हिडिओ कॉल आला. ते टॉर्च घेऊन मागच्या बोळीत उभे. भिंतीचा पाया कोरडा होता. टॉर्च वळवून त्यांनी काकाजींच्या भिंतीचा पायाही दाखवला, तोही कोरडा. मागून आजीचा आवाज आला, "झोपू दे त्या पोराले, सकाळी कामावर जाते."

तर या आठवड्यात एक करा. घरी फोन लावा आणि विचारा, आपल्या छपराचं पाणी पडतं कुठे? उत्तर काय आलं ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. भेटू पुढच्या भागात. राम राम.