सातारा की सांगली? : विज्ञान पदवीच्या उंबरठ्यावर

(बारावी विज्ञान शाखेचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की कऱ्हाड, वाळवा, पलूस या पट्ट्यातील कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते. मुलीला विज्ञानाची पदवी घ्यायची आहे. साताऱ्याला पाठवावे की सांगलीला? वडील म्हणतात, विश्रामबागेत आत्याचे घर आहे, राहण्या-जेवणाची चिंता नाही. आई म्हणते, सातारा जवळ आहे, हमरस्त्यावर आहे, शनिवारी पोर घरी येईल. ‘नीट’मध्ये गुण कमी पडल्याची खंत दोघांच्याही बोलण्यात डोकावत असते. मुलीला स्वतःला कोणता विषय शिकायचा आहे, हे विचारायचे मात्र बहुधा राहूनच जाते.

हे दोन जिल्हे मुळात फारसे परके नाहीत. १९४९ साली साताऱ्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. साताऱ्यातील विज्ञान महाविद्यालय ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते यशवंतराव चव्हाण जन्मले देवराष्ट्रे येथे, म्हणजे आजच्या सांगली जिल्ह्यात, आणि शिकले कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात.

दोन्ही ठिकाणच्या शिक्षणपरंपरेचे मूळ १९१९ या एकाच वर्षात सापडते. त्या वर्षी विजयादशमीला कऱ्हाडजवळच्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्याच वर्षी पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीत विलिंग्डन महाविद्यालय सुरू केले. १८८४ साली ही सोसायटी उभी करणाऱ्यांत लोकमान्य टिळक आणि आगरकर होते. पंचाहत्तर रुपये मासिक वेतनावर वीस वर्षे शिकवण्याचे व्रत घेतलेल्या आजीव सदस्यांच्या बळावर ती वाढली. नामदार गोखल्यांनीही ते व्रत पाळले. त्याच सोसायटीच्या महाविद्यालयाला ज्या विलिंग्डनसाहेबांचे नाव मिळाले, त्यांनी १९१८ च्या मुंबईतील युद्ध परिषदेत टिळकांना बोलू दिले नव्हते आणि लोकमान्य सभात्याग करून बाहेर पडले होते! नावावरून महाविद्यालय पारखू नये, याचे याहून बोलके उदाहरण दुसरे कोणते असेल?

साताऱ्याची जडणघडण वेगळी. १९२४ साली भाऊरावांनी तेथे वसतिगृह काढले. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहात, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. आपण आज समरसता म्हणतो, ती त्या माउलीने आणि त्या कर्मवीराने चुलीपासून सुरू केली. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही दिले. ‘कमवा आणि शिका’ ही योजना याच मातीतली. रयत संस्थेने १९५८ साली साताऱ्यात स्वतंत्र विज्ञान महाविद्यालय काढले, तेच आजचे यशवंतराव चव्हाण इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स.

आता मुद्द्याकडे वळू. १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढे अनेक वर्षे ही दोन्ही महाविद्यालये त्याच विद्यापीठाखाली राहिली. अभ्यासक्रम तोच, प्रश्नपत्रिका तीच, पदवीवरची मुद्रा तीच. तेव्हा निवड अंतरावरून किंवा नातेवाइकांवरून केली तरी फारसे बिघडत नसे. २०२१ साली साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ हे समूह विद्यापीठ झाले. विज्ञान संस्था, छत्रपती शिवाजी महाविद्यालय आणि धनंजयराव गाडगीळ वाणिज्य महाविद्यालय ही त्याची तीन घटक महाविद्यालये. म्हणजे आता साताऱ्याचा अभ्यासक्रम साताऱ्यात ठरतो, परीक्षा तेथेच होते आणि पदवीवर नाव नव्या विद्यापीठाचे येते. नवे विद्यापीठ अभ्यासक्रम चटकन बदलू शकते, हा मोठा लाभ. जुन्या विद्यापीठाच्या नावाला बाहेर ओळख असते, हाही लाभच. यांपैकी काय हवे, हे घरात बसून स्पष्ट बोलले पाहिजे. पण ते क्वचितच बोलले जाते.

दुसरा फरक वातावरणाचा. साताऱ्याची संस्था निव्वळ विज्ञानाची. विलिंग्डनमध्ये कला आणि विज्ञान शेजारी शेजारी नांदतात. पु. ल. देशपांडे तेथून एम.ए. झाले; कन्नडचे थोर कवी वि. कृ. गोकाक तेथे प्राचार्य होते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला मराठी-संस्कृतचे मित्र मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय भूशास्त्रासारखा, मोजक्याच महाविद्यालयांत असणारा विषय विलिंग्डनने जोपासला आहे. ज्या मुलाला खडकांचे वेड आहे, त्याच्यापुरता प्रश्न येथेच संपतो.

परंतु बहुतेकांना भौतिक, रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र असे दोन्हीकडे असणारे विषय हवे असतात. त्यांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून कामकाजाच्या दिवशी दुपारी, प्रात्यक्षिके चालू असताना, महाविद्यालयात जावे. एका तुकडीत किती मुले आहेत? एका सूक्ष्मदर्शकाभोवती दोघे आहेत की आठ? उपकरण मुलांच्या हातात आहे की काचेच्या कपाटात? जर्नल प्रयोग करून लिहिले जाते की मागच्या वर्षीचे उतरवून? विभागात कायम प्राध्यापक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे न संकोचता विचारावे. तासिका तत्त्वावरचे अनेक शिक्षक मनापासून शिकवतात, पण वर्ष संपताच त्यांना दुसरी नोकरी शोधावी लागते आणि मुलांचा प्रकल्प अर्ध्यावर राहतो. शासनाने रिक्त जागा भरण्यात केलेल्या दिरंगाईची किंमत अशी मुले मोजतात.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आणखी एक प्रश्न समोर ठेवला आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स मिळवता येते. संशोधनासह ऑनर्स हवे असेल, तर आपल्या विषयात मार्गदर्शक आणि संशोधन केंद्र त्या महाविद्यालयात आहे का, हे आजच विचारून घ्यावे. तीन वर्षांनी विचारून उपयोग नाही. पुढे ‘जॅम’ परीक्षा देऊन आयआयटीत एम.एस्सी. करण्याची आकांक्षा असेल, तर त्या विभागातून ती परीक्षा कोणी दिली आहे का, याचीही चौकशी व्हावी. ग्रंथालय सायंकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, हा प्रश्न साधा वाटतो, रोज एस.टी.ने ये-जा करणाऱ्या मुलीसाठी तो साधा नसतो. शेवटच्या गाडीसाठी तिला प्रात्यक्षिक अर्धवट टाकून निघावे लागणार असेल, तर वसतिगृहाची जागा किंवा आत्याचे घर यांचा विचार त्या संदर्भात करावा, केवळ सोयीच्या जेवणासाठी नव्हे.

तोवर अर्ज दोन्हीकडे भरून ठेवावेत. आणि प्रयोगशाळा पाहायला जाताना मुलीला बरोबर न्यावे; प्रश्न तिलाच विचारू द्यावेत.