कायदा हाती घेण्यापूर्वी



मागे एकदा आमच्या मोहल्ल्यातील चार होतकरू तरुण घाबऱ्या चेहऱ्याने माझ्याकडे आले. शाळा सुटण्याच्या वेळी एक तरुण स्कूटरवर दोघांना मागे बसवून भरधाव जात असे. यांनी त्याला अडविले, परवाना मागितला, किल्ली काढून घेतली आणि त्याचे वालिद येईपर्यंत तासभर एका दुकानात बसवून ठेवले. एकाने कानाखालीही वाजविली. नियत नेक होती. तक्रार मात्र त्यांच्याच विरुद्ध झाली!

तुम्ही म्हणाल, नियम मोडला त्याने, मग आरोपी आम्ही कसे? १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आहे. तिच्या कलम ४० प्रमाणे (१९७३ च्या संहितेत हे कलम ४३ होते) सामान्य माणसालाही अटक करता येते. परंतु गुन्हा त्याच्या समक्ष घडलेला हवा आणि तो दखलपात्र व अजामीनपात्र असा दोन्ही हवा. किंवा समोरचा इसम उद्घोषित अपराधी हवा. पकडल्यावर विनाविलंब, फार तर सहा तासांत, त्याला पोलिसांच्या हवाली करावयाचे. स्कूटरवर तिघे बसणे, रस्त्यावर थुंकणे, बसस्थानकात विडी ओढणे यांत बसत नाही. बेदरकारपणे वाहन हाकणे हा दखलपात्र गुन्हा खरा, पण तो जामीनपात्र आहे. परवानाही दाखवावयाचा तो गणवेशातील पोलिसाला किंवा परिवहन अधिकाऱ्याला, तुम्हाआम्हाला नव्हे.

उलट, भारतीय न्याय संहितेप्रमाणे वाट अडविल्यास एक महिन्यापर्यंत साधी कैद, डांबून ठेवल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही बाबतींत पाच हजारांपर्यंत दंड. त्या एका चपराकीलाही एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय कैद व दंड दोन्हीही ठोठावता येतात. (हल्ली काहीजण गळ्यात शिट्टी अडकवून साहेबी थाट करतात. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा आणखी वेगळा गुन्हा आहे.)

त्या चौघांपैकी एकजण सरकारी नोकरीचा अर्ज भरीत होता. अर्जात रकाना होता : ‘आपल्याविरुद्ध गुन्हा नोंद आहे काय?’ त्या रकान्यापाशी त्याची लेखणी थांबली ती कितीतरी वेळ. असे गुन्हे तडजोडयोग्य असल्याने अखेर स्कूटरवाल्याच्या वालिदांची मनधरणी करून प्रकरण मिटविले. दोन महिने मात्र त्या घरात कोणाला धड झोप नव्हती.

मग आम्ही मुख्याध्यापकांच्या सहीने वाहतूक शाखेला अर्ज दिला. वाहनाचा क्रमांक, दिवस आणि वेळ लिहिली. तातडी असल्यास ११२ क्रमांक आहेच. तिसऱ्या अर्जानंतर शाळा सुटताना फाटकाशी हवालदार उभा राहू लागला.