आधी गावठाण, मग घरकुल



मुळशी हे महाराष्ट्राच्या इतिहासात एका लढ्याचे नाव आहे. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथील मावळ्यांनी धरणाच्या कामावर सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते त्यांच्यासोबत तुरुंगात गेले. ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा या खोऱ्यात घुमली. 1924 पर्यंत लढा मोडून निघाला, धरण उभे राहिले, आणि नीला-मुळेचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे उतरून मुंबईच्या गिरण्या व दिवे चालवू लागले.

त्या लढ्याची आठवण आपण शेतजमिनीसाठी काढतो. पण पाण्याखाली भातखाचरांबरोबर घरेही गेली. ज्यांना खोरे सोडवेना, ती माणसे वर सरकली आणि डोंगराच्या उतारावर त्यांनी पुन्हा चुली मांडल्या. मात्र जमीन कंपनीसाठी संपादित झालेली होती. त्यामुळे धरणाकाठच्या कित्येक वस्त्यांच्या पायाखालची जमीन आजही कागदोपत्री त्यांची नाही. पणजोबांनी बांधलेल्या घराला पणतवाला एक खोली जोडायची झाली, तर पहिला प्रश्न येतो : जागा कोणाच्या नावावर आहे?

आमच्या भागातील घरटंचाईचे मूळ या प्रश्नात आहे. सरकारी भाषेत घरटंचाई म्हणजे मंजूर न झालेल्या घरकुलांची यादी. 2016 पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट प्रदेशात 1 लाख 20 हजार आणि डोंगराळ प्रदेशात 1 लाख 30 हजार रुपये अनुदान ठरले. रक्कम तोकडी आहे, हे खरेच. पण ती मिळण्यासाठीही आधी पायापुरती जागा लागते. ज्याला जागा नाही त्याच्यासाठी राज्याने 2015 मध्ये जागाखरेदीची योजना काढली आणि तेव्हा कमाल 50 हजार रुपये देऊ केले. हिंजवडी-माण परिसरात संगणकनगरी उभी राहिल्यानंतर, लवासासारख्या प्रकल्पांनी मोसे खोऱ्यातील डोंगर खरेदी केल्यानंतर आणि पौड रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊसे उठल्यानंतर, अशा अनुदानात या तालुक्यात कोणती जमीन मिळणार? शहरातील सुखवस्तू माणसाचे दुसरे घर येथे सहज होते. गावच्या मजुराचे पहिले घर मात्र होत नाही. बाजाराच्या हाती जमीन सोपविली की याहून वेगळे काही घडत नाही.

सर्वांत वाईट अवस्था कातकरी बांधवांची आहे. वीटभट्टीवर आयुष्य घालवून दुसऱ्यांच्या घरांसाठी विटा पाडणारा हा समाज. त्याची वाडी बहुधा दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर असते. जमिनीला भाव आला की वाडी उठविण्याची भाषा सुरू होते. 2023 च्या प्रधानमंत्री जनमन योजनेत कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींना पक्क्या घरासाठी 2 लाख रुपये ठरले. पण दोन लाखांची भिंत परक्या जमिनीवर कशी उभी करायची?

कोणी म्हणेल, आता नोंदी सुधारत आहेत. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजली जातात. त्याचा आरंभीचा प्रयोग आपल्याच जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी झाला. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरपर्यंतच्या विकासयोग्य जमिनीला बिगरशेती मानण्याची तरतूदही महसूल कायद्यात झाली. या सुधारणांचे स्वागत करू. परंतु जेथे गावठाणच नोंदलेले नाही तेथे ड्रोन काय मोजणार, आणि 200 मीटर कोठून धरायचे?

घर बांधण्याची विद्या आम्हांला कोणी शिकविण्याची गरज नाही. सावडीने भात लावणारी गावे सावडीने घरही उभारतात. दगड, माती, कूड, कौले आणि शेजाऱ्यांचे हात, एवढ्या भांडवलावर या खोऱ्यातील पिढ्या राहिल्या. गावाजवळ श्रम आहेत, कमतरता आहे ती हक्काच्या जमिनीची.

जमीन समाजाच्या हाती आली की काय होते, याची उदाहरणे आहेत. स्कॉटलंडमधील एग हे चिमुकले बेट एका जमीनदाराच्या मालकीचे होते. घराची शाश्वती नसल्याने तेथे कोणी नवे घर बांधू धजत नसे. 1997 मध्ये रहिवाशांच्या विश्वस्त संस्थेने ते विकत घेतले. तेव्हा पासष्टच्या आसपास असलेली वस्ती पुढे शंभरावर गेली, तरुण परतले, घरे झाली. आपल्याकडेही 1964 चा ग्रामदान कायदा आहे, आणि गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने 2013 मध्ये त्याच्या आधारे आपली जमीन ग्रामसभेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय घेतला.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. जमीन महसूल संहितेच्या कलम 122 नुसार गावठाणाची हद्द ठरविण्याचा व बदलण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. तो वापरून धरणाकाठच्या प्रत्येक वस्तीला गावठाण मिळाले पाहिजे, आणि त्यासाठी लागणारी जमीन शासनाने कंपनीकडून परत घेतली पाहिजे. कातकरी वाड्यांच्या जागा त्यांच्या नावे झाल्या पाहिजेत. वनजमिनीवरील वस्त्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याने दिलेला निवासाचा हक्क नोंदविला गेला पाहिजे. प्रत्येक जागा पतिपत्नी दोघांच्या नावे असावी, आणि ती बाहेरच्यास विकता येणार नाही अशी अट असावी. नाहीतर आज मिळवलेले गावठाण उद्या फार्महाऊस होईल.

एक पथ्य आपणही पाळले पाहिजे. गायरान ही गुरे राखणाऱ्या गरिबाची शिदोरी आहे. 2011 च्या जगपाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्यास सांगताना भूमिहीनांचा अपवाद मान्य केला. त्या अपवादाच्या आडून पुढाऱ्यांनी गायराने गिळू नयेत. कोणाला खरोखर जागा नाही, हे ग्रामसभेने उघड्या बैठकीत, सर्वांसमक्ष ठरवावे.

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने आपल्या बेघरांची आणि बेजागांची यादी स्वतः करावी, हद्दीचा नकाशा जोडावा आणि ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा. उत्तर आले नाही तर सर्व गावांनी मिळून पौडच्या कचेरीवर जावे. शंभर वर्षांपूर्वी येथील माणसे उठणार नाही म्हणून बसली होती. आता बसलेल्या जागेची सनद घेतल्याशिवाय आपण उठायचे नाही.