गोळीला पत्ता कसा सापडतो?

एसटीत बसून ऐकताय ना? आज थोडी केमिस्ट्री आहे, पण कपाशीच्या वावरातून जाऊ.

शेजाऱ्याने मक्यात टू-फोर-डी मारलं आणि वारा आपल्याकडे असला, तर आपल्या कपाशीचं काय होतं हे जळगाव-धुळ्यात कोणाला सांगायला नको. पानं आकसतात. जुनी किमो थोडी तशीच. भराभर वाढणारी पेशी दिसली की मार! त्यात केसांची मुळं जातात, तोंड येतं, पोट बिघडतं.

अमळनेरच्या मामांना सीएमएल निघाला, म्हणजे रक्ताचा एक कॅन्सर, तेव्हा घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे हेच होतं. डॉक्टरांनी दिली साधी गोळी. इमॅटिनिब.

या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून बीसीआर-एबीएल नावाचं प्रोटीन तयार होतं आणि ते कायम चालूच राहतं. विहिरीवरच्या मोटारीचं बटण चिकटावं तसं. त्या प्रोटीनला एक खाच असते, तिथे एटीपी बसलं की काम सुरू. इमॅटिनिब नेमकी तीच जागा अडवतं.

आता गंमत ऐका. सुरुवातीचा रेणू पीकेसी नावाच्या भलत्याच प्रोटीनवर बसायचा. शास्त्रज्ञांनी योग्य जागी एक मिथाइल गट लावला. एक कार्बन, तीन हायड्रोजन, बस्स! पीकेसीवरची पकड सुटली. मग पाण्यात विरघळावा म्हणून पिपरॅझिनचं शेपूट जोडलं. शिरपूरला फार्मसी करणारी पोरं कॉम्प्युटरवर डॉकिंग करतात ना, ते याच खेळासाठी.

२००१ मध्ये अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. आपल्याकडे ब्रँडचा खर्च महिन्याला लाखाच्या वर होता, भारतीय जेनेरिक आठ-दहा हजारांत. नोव्हार्टिसची पेटंटची मागणी सुप्रीम कोर्टाने १ एप्रिल २०१३ ला फेटाळली, म्हणून आमच्यासारख्या घरांना हे झेपतं.

त्रास अजिबात नाही असं नाही हं. मामांचे डोळे सुजायचे, पायात गोळे यायचे. वर अंगात ताकद आली, तर "आता मी बरा" म्हणून त्यांनी गोळ्या परस्पर बंद केल्या. पुढच्या रिपोर्टमध्ये बीसीआर-एबीएलचा आकडा चढलेला! डॉक्टर चिडले. कारण या प्रोटीनमध्ये ३१५ व्या जागचा एक अमिनो आम्ल बदलला, थ्रिओनिनऐवजी आयसोल्युसिन आलं, की इमॅटिनिब तिथे बसतच नाही. मामांचं तसं झालं नव्हतं. नशीब!

आता रात्री भाकरी झाली की मामी गोळी आणि मोठा ग्लासभर पाणी पुढे ठेवते. गिळेपर्यंत उठत नाही.