पंपावरचा आरोप



खंडाळ्याचा घाट चढतांना मोटार दम टाकते, मग बंद पडते; मिस्त्री येतो आणि "साहेब, पेट्रोलचा पंप गेला" असा निकाल देतो. बहुतेक गृहस्थ निमूटपणें खिशांत हात घालतात. नवा पंप बसतो, आणि महिन्याभरांत तेंच दुखणें पुन्हां उद्भवतें. असें कां होतें?

अँबॅसडर किंवा पद्मिनी या गाड्यांत पंप इंजिनाच्या अंगाला असे व इंजिनच त्यास हालवी. विजेचा तेथें संबंध नव्हता. इंजेक्शन पद्धतीच्या गाडींत पंप टाकीच्या पोटांत, पेट्रोलांत बुडून बसलेला असतो. तेंच पेट्रोल त्याला थंड ठेवतें. सदा रिकाम्या टाकीवर गाडी हांकणारांनीं हें ध्यानांत घ्यावें. त्याला वीज मिळते ती बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि लांबलचक तार अशा वाटेनें, व ती परत जाते अर्थच्या तारेनें.

चावी फिरवून, इंजिन चालू न करितां, मागच्या आसनापाशीं कान द्यावा. बहुतेक गाड्यांत क्षण-दोन क्षण बारीक गुणगुण ऐकूं येते. ती नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. तो जळला असल्यास त्याच आंकड्याचा घालावा. मोठा घालणें म्हणजे तारेलाच आग लावण्याची तयारी होय. मग रिले, तिच्याच जातीची दुसरी लावून पाहावी.

खरी गोम पुढेंच आहे. पंपाची जोडणी सोडून मीटर लावला तर 12 व्होल्ट दिसतात आणि मिस्त्री म्हणतो, वीज तर येते आहे! हा न्याय उतावीळ आहे. मीटरला प्रवाह जवळजवळ लागतच नाहीं. पंपाला कांहीं अँपिअर लागतात. गंजलेल्या सांध्यांत अवघा 1 ओहम विरोध असला, तरी 5 अँपिअर वाहतांना 5 व्होल्ट तेथेंच खर्ची पडतात व पंपाच्या वांट्याला सातच उरतात. म्हणून जोडणी जोडलेली ठेवून, दुसऱ्या माणसास चावी फिरवावयास सांगून, जोडणीच्या मागच्या बाजूनें मोजावें. मीटरचें एक टोंक बॅटरीच्या धन अग्राला आणि दुसरें पंपाच्या धन तारेला लावलें कीं वाटेंत किती व्होल्ट हरवले तें थेट दिसतें. अर्थच्या बाजूसही, ऋण अग्रापासून, असेंच करावें. अर्ध्या व्होल्टाहून अधिक हरवत असतील तर सांधा शोधावा. कोंकणच्या खाऱ्या हवेंत व पावसांत गाडीखालचा अर्थचा सांधा बहुधा प्रथम संशयास पात्र ठरतो. बॅटरीची ऋण तार सोडून तो चकचकीत होईपर्यंत घासावा, घट्ट आवळावा व वर व्हॅसलीन लावावें.

पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र मीटरही लावूं नये; ठिणगी एकच पुरते. टाकी उघडण्याचें काम कारखान्याचें.

पुरी वीज पोहोंचूनही पंप मुका राहिला, तर मिस्त्रीचा निकाल कायम. नवा पंप बसवितांना जुन्या जोडणीचें प्लास्टिक वितळलें आहे काय हें पाहावयास सांगावें, आणि वितळलें असल्यास तीही बदलून घ्यावी.