पैशाला पाय फुटतात, जमिनीला नाही

(जून २०१८ च्या तालुका मेळाव्यात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. पावसामुळे वरच्या पाड्यांवरून बरेच जण येऊ शकले नाहीत, म्हणून ते या पत्रकात देत आहोत. गावच्या बैठकीत कोणीतरी मोठ्याने वाचावे. वाचता वाचता थांबून आपल्या बोलीत समजावून सांगावे.)



पेरणी तोंडावर आली आहे. बियाणे भरायचे, औते दुरुस्त करायची, छपरे शाकारायची अशी कामे टाकून तुम्ही आलात. तेव्हा लांबण लावणार नाही. एकच गोष्ट बोलायची आहे, पण ती नीट बोलायची आहे.

गेल्या महिन्यात आपल्या एका गावात मोजणीची माणसे आली. जीपमधून उतरली, टेकडीवर चढली, चुन्याच्या खुणा मारल्या. बायांनी विचारले, "काय मोजता?" तर म्हणाले, "वरून आदेश आहे. तुमचाच विकास होणार आहे." कोणाचा आदेश, कोणता विकास, कागद कुठे, यावर उत्तर नाही. उलट जाताना एका कारभाऱ्याकडे कोरा कागद देऊन गेले, म्हणे यावर गावाच्या सह्या-अंगठे घेऊन ठेवा. कारभारी शहाणा. त्याने कागद घडी करून संघटनेच्या कचेरीत आणून दिला. तो कागद आजही कोराच आहे.

त्या टेकडीवर कोण काय करणार, हे आम्हाला अजून ठाऊक नाही. पण 'विकास' आणि 'गुंतवणूक' हे दोन शब्द सध्या फार ऐकू येतात. फेब्रुवारीत मुंबईत मोठा मेळा भरला होता. सरकारने सांगितले की १२ लाख कोटी रुपयांचे करार झाले, त्यात परदेशी कंपन्याही आहेत. एवढा पैसा म्हणजे किती, हे आपल्याला कळणे कठीण. पण पैसा आला की त्याला जमीन लागते, पाणी लागते, खाण लागते. आणि देशातली खाण आणि जंगल कुठे आहे? बहुतेक ठिकाणी आपल्यासारख्यांच्या उशाशी. म्हणून हा हिशोब आपण समजून घ्यायचा.

आधी 'वाढ' म्हणजे काय ते बघू. सरकार म्हणते, देशाची वाढ गेल्या वर्षी साडेसहा टक्क्यांच्या वर झाली. देशात वर्षभरात जेवढ्या वस्तू तयार झाल्या, जेवढी कामे झाली, त्यांची पैशात बेरीज करतात. ती मागच्या वर्षापेक्षा किती फुगली, ती वाढ. हा आकडा खोटा नाही. पण तो ढोबळ आहे. डोंगर फोडून दगड विकला की दगडाचे पैसे बेरजेत येतात. डोंगर गेला, त्याच्या पोटातला झरा आटला, याची वजाबाकी त्या बेरजेत होत नाही. आपल्या बाया पहाटे उठून मोह वेचतात, घरी वाळवतात, पावसाळ्यात पोरांना खाऊ घालतात. तो मोह या बेरजेत जवळजवळ दिसतच नाही. मोहाचे झाड तोडून लाकूड विकले, तर ते लगेच दिसते. अशी ही वही आहे. ज्याने वही लिहिली त्याने आपले खाते उघडलेच नाही.

दुसरा शब्द परदेशी गुंतवणूक. १९९१ साली देशावर मोठे संकट आले होते. तेल आणायला डॉलर उरले नव्हते. सरकारला रिझर्व्ह बँकेचे सोने लंडनला पाठवून गहाण ठेवावे लागले. त्यानंतर धोरण बदलले आणि परदेशी भांडवलाला दारे उघडली. डॉलरची गरज खरी होती, हे आपण मान्य करू. बाहेरचा पैसा आला म्हणजे सगळे वाईटच झाले, असेही आम्ही म्हणत नाही. आपल्या पोरांच्या खिशातले मोबाईल त्याच काळातले. आपल्यालाही रस्ता पाहिजे, वीज पाहिजे, दवाखान्यात डॉक्टर पाहिजे. ऊसतोडीला गुजरातेत जाण्यापेक्षा गावाजवळ काम मिळाले तर कोणाला नको?

पण हा पैसा जातो कुठे? २०१७-१८ साली देशात सुमारे ४५ अब्ज डॉलरचे परदेशी भांडवल आले. त्याचा मोठा भाग टेलिफोन, संगणक, बँका-विमा, व्यापार यांत गेला. सगळ्यात जास्त पैसा कोणत्या देशातून आला? अमेरिका नाही, जपान नाही. मॉरिशस. समुद्रातले एक छोटे बेट. कर वाचवण्यासाठी अनेक कंपन्यांनी आपला पैसा वर्षानुवर्षे तिकडून फिरवून आणला. म्हणजे दारात आलेला पैसा नक्की कोणाचा, हेसुद्धा सहज कळत नाही.

आता तीन गोष्टी सांगतो. ऐकीव नाहीत, घडलेल्या आहेत.

पहिली आपल्या घरातली. सरदार सरोवर. १९८५ साली जागतिक बँकेने त्यासाठी ४५ कोटी डॉलरचे कर्ज कबूल केले. नर्मदाकाठच्या लोकांनी आवाज उठवला. मग बँकेनेच नेमलेल्या समितीने १९९२ साली सांगितले की, या पद्धतीने पुनर्वसन होणे शक्य नाही. १९९३ च्या मार्चमध्ये बँक प्रकल्पातून बाहेर पडली. आपल्याला वाटले, सुटलो. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी घुसले. बँक गेली, धरण राहिले. महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावे त्या धरणाच्या बुडितात धरलेली. त्यातले कितीतरी लोक आज इथे बसले आहेत, त्यांना आम्ही काय सांगणार?

दुसरी गोष्ट कोकणातली. रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, एन्रॉन नावाच्या अमेरिकन कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प. १९९३ साली वीज खरेदीचा करार झाला. तेव्हा ही देशातली फार मोठी परदेशी गुंतवणूक म्हणून गाजवली गेली. पण करार कसा होता बघा. विजेच्या दरातला मोठा भाग डॉलरशी बांधलेला. वीज मंडळाने वीज कमी घेतली तरी ठरलेला आकार भरायचाच. मंडळाने पैसे चुकवले तर राज्य सरकार हमीदार, राज्याने चुकवले तर दिल्लीचे सरकार हमीदार. करार झाला तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ वर गेला. वीज इतकी महाग पडली की मे २००१ मध्ये मंडळाने ती घेणेच बंद केले. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडे अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. बंद पडलेला कारखाना पुढे आपल्याच सरकारी कंपन्यांनी आणि बँकांनी उभा केला. ज्या गावांनी जमीन दिली, मच्छीमारीची जागा दिली, लाठ्या खाल्ल्या, ती गावे तिथेच आहेत.

सावकार घरी कर्ज द्यायला येतो तेव्हा तारण आपल्याकडून घेतो. इथे उलटे झाले. पैसा लावणारा तो, आणि तारण दिले आपल्या सरकारने. नफा झाला तर त्याचा, बुडाला तर आपला.

तिसरी गोष्ट ओडिशातली. २२ जून २००५ ला ओडिशा सरकारने दक्षिण कोरियाच्या पोस्को कंपनीशी सामंजस्य करार केला. ५२ हजार कोटी रुपये, वर्षाला १२० लाख टन पोलाद. देशातली आजवरची सगळ्यात मोठी परदेशी गुंतवणूक, असे सगळे पेपर लिहीत होते. जागा पाहिजे ४,००४ एकर, त्यातली बहुतेक वनजमीन. जगतसिंगपूर जिल्ह्यात समुद्राकाठी धिंकिया, गोविंदपूर, नुआगाव अशी गावे. तिथले लोक बहुतेक आदिवासी नाहीत, पण आपल्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या वनजमिनीवर जगणारे. वाळूत पानमळे लावतात, काजू आहे, मासळी आहे. पानमळ्यात रोज काम असते, रोज हातात पैसा येतो. भूमिहीनालाही तिथे मजुरी मिळते. धिंकियाच्या ग्रामसभेने वनहक्क कायद्याखाली ठराव करून जमीन द्यायला नकार दिला. तरी पोलिसांच्या बंदोबस्तात पानमळे तोडले. २०११ च्या जूनमध्ये पोलीस येऊ नयेत म्हणून बायापोरे तापलेल्या वाळूवर आडवी झाली.

बारा वर्षे लोक लढले. मधल्या काळात कायदा बदलला, खाण लिलावाशिवाय मिळेना. २०१७ साली पोस्कोने कळवले, आम्ही जातो, जमीन परत घ्या. ५२ हजार कोटींचा कारखाना काही उभा राहिला नाही. मग जमीन कोणाला मिळाली? पानमळेवाल्यांना? नाही. सरकारने सांगितले, ती 'जमीन बँके'त जाईल. आता दुसऱ्या पोलाद कंपनीचे नाव ऐकू येते आहे.

तिन्ही गोष्टींतून आम्हाला एकच कळले. आपल्यात म्हणतात, पैशाला पाय फुटतात. खरे आहे. परवडले नाही की तो उठून दुसऱ्या देशात जातो. त्याला कोणी अडवत नाही. पण जमिनीला पाय नाहीत, आणि एकदा हातातून गेली की ती चालत परत येत नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात लिहिले आहे की, घेतलेली जमीन पाच वर्षे पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन बँकेला परत जाईल. त्या 'किंवा'कडे नीट बघा. एवढ्या एका शब्दात तुमचे शेत अडकू शकते.

म्हणून कंपनी गेल्यावर जमीन परत मागू, या भरवशावर राहायचे नाही. जे काय बोलायचे ते जमीन जायच्या आधी बोलायचे. तसे बोलून दाखवणारे लोकही ओडिशातच आहेत. नियमगिरी डोंगरात डोंगरिया कोंध आदिवासी राहतात. त्या डोंगरातले बॉक्साइट वेदांत या लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीच्या कारखान्याला हवे होते. आपल्याला जशी याहामोगी, तसा त्यांचा नियमराजा. तो त्या डोंगरात राहतो. १८ एप्रिल २०१३ ला सुप्रीम कोर्टाने सांगितले की, लोकांच्या वनहक्काचा आणि देवाच्या जागेचा प्रश्न ग्रामसभेपुढे ठेवा. सरकारने बारा गावे निवडली. जिल्हा न्यायाधीशांसमोर सभा झाल्या. म्हातारी माणसे, बाया उठून आपल्या भाषेत बोलल्या. बाराच्या बारा ग्रामसभांनी 'नाही' म्हटले. जानेवारी २०१४ मध्ये दिल्लीने खाणीला परवानगी नाकारली. पायथ्याचा कारखाना बाहेरचा माल आणून चालू आहे, म्हणजे डोंगरावरचा डोळा गेलेला नाही. पण डोंगर आज जागेवर आहे.

नियमगिरीच्या लोकांकडे पैसा नव्हता. ग्रामसभा होती, ती खरी भरली, आणि तिचे बोलणे कागदावर आले. आपल्याकडे काय आहे? वनहक्काचा कायदा आहे. त्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही जमिनीवरून हलवता येत नाही. पण आपले कितीतरी दावे अजून पडून आहेत, काही एका ओळीच्या पत्राने नामंजूर केले. मार्चमध्ये हजारो आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले. पायाची सालटी निघाली. सहा महिन्यांत दावे निकाली काढू, असे सरकारने लेखी दिले. त्यातले तीन महिने संपले. ज्याचा दावा कच्चा त्याची जमीन सरकारच्या वहीत मोकळी, आणि मोकळी दिसली की ती गुंतवणूकवाल्याला दाखवायला बरी.

तेव्हा गावागावांत हे करायचे. प्रत्येक दाव्याची पोच शोधून एका फाईलमध्ये लावायची. पोच नसेल तर संघटनेला कळवायचे. नामंजुरीचे पत्र आले असेल तर अपील मुदतीत करायचे. आपली देवाची जागा, गुरचरण, पाणवठा, मोहाची झाडे यांचा सामूहिक दावा राहिला असेल तर तो आधी भरायचा. ग्रामसभेला निम्मे गाव हजर पाहिजे आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया पाहिजेत. नाहीतर उद्या ठराव पाडतील. ठराव आपल्या बोलीत वाचून दाखवल्याशिवाय अंगठा नाही. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

आणि कोणी गुंतवणूक घेऊन आला तर त्याला हाकलू नका, बसवा, पाणी द्या आणि विचारा. पैसा कोणाचा? बुडाला तर भरणार कोण? पाणी कुठून घेणार? आमच्या किती जणांना, कोणते काम, किती वर्षे? उद्या तुम्ही गेलात तर जमीन कोणाची? सगळी उत्तरे लेखी मागा. ज्याचे काम चोख आहे तो लिहून देईल. जो 'वरून आदेश आहे' म्हणेल, त्याला सांगा, वरचा आदेश वरच ठेवा, इथे ग्रामसभा आहे.

तो कोरा कागद आम्ही आज इथे आणला आहे. ज्या गावचा आहे त्या गावाने पुढच्या ग्रामसभेत तो सगळ्यांसमोर ठेवायचा, त्यावर काय लिहायचे ते आपण ठरवायचे, आणि मगच अंगठे उठवायचे.

जिंदाबाद.