रत्नागिरीच्या सभेतला कौल
काशीदला राहून पाच-पंचवीस शेअर बाळगणाऱ्याला वाटतं, कंपनी मालकांची, आपलं कोण ऐकतो? कोकणातलंच उदाहरण घ्या. रेमंडचं नोंदणीकृत कार्यालय रत्नागिरीचं. मुंबईच्या ब्रीच कँडीतल्या जेके हाऊसमधली घरं प्रवर्तक कुटुंबीयांना चौरस फुटाला ९,२०० रुपयांनी, म्हणजे बाजारभावाच्या कितीतरी कमी दराने, विकण्याचा ठराव आला. जून २०१७ च्या वार्षिक सभेत ९७ टक्क्यांहून अधिक मतं विरोधात पडली आणि ठराव आपटला. कारण, व्यवहारात ज्यांचा स्वतःचा लाभ आहे, त्यांना स्वतःच्या मतांवर असा ठराव मंजूर करून घेता येत नाही.

कुणी म्हणेल, हा जोर मोठ्या संस्थांचा. खरंय, पण म्युच्युअल फंडांतला पैसाही छोट्यांचाच असतो. कोर्टाचा भरवसा धरावा, तर टाटा सन्समध्ये १८ टक्क्यांवर हिस्सा असूनही मिस्त्री गट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. मोठ्या कंपनीविरुद्ध न्यायाधिकरणात जायचं, तर साधारणपणे १०० सभासद किंवा दहा टक्के भांडवल जमवावं लागतं. ई-मतदानाला एक शेअर पुरतो. फक्त सभेच्या सूचनेसोबतचं स्पष्टीकरण आधी वाचा. व्यवहार कुणाशी आणि किती रुपयांचा, हे त्यातच दिलेलं असतं.